डेकवर चालायचं कसं? (हसू नका, खरंच विचारतोय)

एकपाय_बोटीत

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय आणि तोही स्वतःची शोभा करून घेणारा, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी ३४ फुटी शिडाची बोट घेतलीय, मांडव्याला मूरिंगवर असते. गेल्या फेब्रुवारीत मुंबई-गोवा निघालो. दुसऱ्या रात्री जयगड मागे टाकून रत्नागिरीकडे चाललो होतो, पाठीमागून वायव्येचा वारा, बोट मस्त सहा नॉटनी पळतेय, पाळण्यासारखी डुलतेय. अडीच वाजता जिब, म्हणजे पुढचं शीड, गुंडाळायला गेलो तर त्याची दोरी पुढे ड्रमपाशी अडकलेली. उठलो आणि नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाकडे, निघालो. हाफ पँट, अनवाणी, तोंडात टॉर्च, म्हणजे रात्री पाणी प्यायला हॉलमधून किचनमध्ये जावं तसा. मास्टच्या (डोलकाठीच्या) जरा अलीकडे जिबच्या शीटवर, म्हणजे ते शीड ओढायच्या दोरावर, पाय पडला, दोर पायाखाली लाटण्यासारखा फिरला, आणि पुढचं नीट आठवतच नाही, एवढंच कळलं की कडेची लाइफलाइनची तार मांडीत घुसलीय आणि माझं अर्धं अंग पाण्यावर आहे. डावा हात मास्टला बाजूने धरून ठेवणाऱ्या श्राउडच्या तारेला कसा पोचला ते देव जाणे. पोचला म्हणून हे टाइप करतोय.

सुकाणूवरचा मित्र कंपास बघत होता. मी लटपटत परत येऊन बसलो तर म्हणतो, "निघाली का रे दोरी?"

नंतर घरी हिशोब केला. सहा नॉट म्हणजे सेकंदाला साधारण तीन मीटर, मिनिटाला १८५ मीटर. मी गेलोय हे त्याला कळायलाच ते मिनिट गेलं असतं. लाइफजॅकेटं होती हो, तीन, नवी कोरी, लॉकरमध्ये, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. मांडीवरचा डाग महिनाभर वांग्याच्या रंगाचा होता, बायकोला विंच (दोर ओढायचं चाक) लागली म्हणून सांगितलंय (ती इथे येत नाही).

तर आता चांगली आपोआप फुगणारी लाइफजॅकेटं घ्यायची चाललीत, कुठली घेऊ? आणि मुळात तुम्ही अनुभवी लोक हलत्या डेकवर चालता कसे?

बंदरावरचा_बगळा

पहिला! वाचतोय. थोडी जळजळ पण झाली, आमची बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरची रोरो.

मतलई

वाचलात हे आधी बरं झालं. बायकोला खरं सांगा, पुढच्या वेळी तीच तुम्हाला बांधून ठेवेल.

मी बारा वर्षं साउथॅम्प्टनला आहे, सोलंट सामुद्रधुनीत आणि इंग्लिश चॅनलमध्ये बोटीवर असते. लाइफजॅकेट घ्याच, पण ते पडल्यानंतरचं औषध आहे आणि तुम्हाला आधीचा पथ्याचा भाग हवाय. तुमच्या गोष्टीत मला जे दिसलं ते सांगते, राग मानू नका.

तुम्ही ज्या तारेवर भरवसा ठेवला ती उभ्या माणसाला थांबवण्याइतकी उंच नसतेच. ऑफशोअर रेसच्या नियमांत वरच्या लाइफलाइनची कमीत कमी उंची ६०० मिमी आहे, म्हणजे दोन फूट, बहुतेक क्रूझिंग बोटींवर तेवढीच. तुमचा तोल कमरेपाशी आणि तार गुडघ्याच्या जरा वर, मग ती अडवत नाही, उलट तंगडी घालते. उंची तार वाढवून वाढत नाही, आपण कमी व्हायचं. वाकून चालायचं, अजून हललं तर गुडघ्यांवर, अजून हललं तर बसून. मी रात्री पुढे जाताना सरळ बुडावर घसरत जाते, लहान मूल जिना उतरतं तसं. वरची पॅंट दर सीझनला फाटते, फाटू दे.

धरायचं ते श्राउड, केबिनच्या छतावरची ग्रॅबरेल (धरायची दांडी), मास्ट. लाइफलाइन धरून चालायची सवय मोडा, ती हातात असणे म्हणजे तुम्ही आधीच कडेला आहात. आणि जायचं नेहमी वाऱ्याकडच्या बाजूने, म्हणजे घसरलात तर बोटीच्या आत घसराल. तुमच्यासारखा वारा पाठीमागून असेल तर वरची-खालची बाजू राहत नाही, बोट दोन्हीकडे लोळते, तो प्रकार मला तर तिरक्या बोटीपेक्षा वाईट वाटतो. तिरकी बोट निदान एकाच बाजूला तिरकी असते.

आणखी एक, मागून वारा असला की सगळं शांत वाटतं. पंधरा नॉटचा वारा, बोट सहाने त्याच्याबरोबर चाललीय, डेकवर जेमतेम नऊ लागतो. चांगल्या हवेत आहोत असं वाटून माणूस उठून चालायला लागतो.

हार्नेस, टेदर, जॅकलाइन या तिन्हीतलं काहीच नव्हतं का बोटीवर?

एकपाय_बोटीत

जॅकलाइन होत्या, आधीच्या मालकाने दिलेल्या, पिशवीत. टेदर एक होता तो आम्ही डिंगी बांधायला वापरत होतो. मारा आता.

कोळीवाड्याचा

घरी तीन पिढ्या मासेमारी, आता मी नोकरी करतो पण सुट्टीत बापाबरोबर जातो. आमच्या बोटीला तारा-बिरा नसतात, कठडा असतो, तोही मागच्या बाजूला जाळं टाकायच्या ठिकाणी उघडा. त्यामुळे हार्नेसबद्दल मी काय सांगणार. दोराबद्दल सांगतो.

आमचा तांडेल नव्या पोराला पहिल्या दिवशी मासे शिकवत नाही, पाय कुठे ठेवायचा ते शिकवतो. दोर सुटा पडला असेल तर त्याच्यावर पाय नाही आणि दोराचा वेढा पडला असेल तर त्याच्या आत पाय तर कधीच नाही. जाळं पाण्यात सुटतं तेव्हा दोर असा पळतो की वेढ्यात पाय असला तर माणूस जाळ्याबरोबर जातो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. तुमचा दोर नुसता फिरला, नशीब समजा.

बाप अंधारात चालतो तेव्हा पाय उचलत नाही, घासत नेतो. अंगठ्याने आधी चाचपतो, मग वजन टाकतो. म्हणतो पायाला डोळे असतात. तुम्ही पाय उचलून टाकलात शहरातल्यासारखा.

अनवाणी होतात त्याबद्दल मला काही वाटत नाही, आम्ही सगळे अनवाणीच. फक्त तुमच्या डेकवर लोखंडाची खुंट्या-कड्या फार, बोट मोडेल. पायाचं म्हणतोय.

जहाजी

मर्चंट नेव्हीत आहे, मोठ्या जहाजांवर. तुमच्या ३४ फुटीला आमच्याकडे नुसतं हॅच कव्हर, म्हणजे गोदामाचं झाकण, म्हणतील. तरी एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. तुम्ही पुढे निघालात तेव्हा सुकाणूवरच्या माणसाला "मी पुढे चाललोय" असं तोंडाने बोललात का? धाग्यात तरी दिसत नाही.

आमच्याकडे खराब हवामानात कोणाला डेकवर पाठवायचं तर मास्तरची (कॅप्टनची) परवानगी, ब्रिजला कळवायचं, हातात वॉकीटॉकी, एकटं जायचं नाही, आणि परत आल्यावर आलो म्हणून पुन्हा कळवायचं. वीस हजार टनाच्या जहाजावर आम्ही हे करतो आणि तुम्ही तोंडात टॉर्च घेऊन!! टॉर्च तोंडात असेल तर हाक कशी मारणार होतात हा आणखी एक प्रश्न.

रात्री कॉकपिट, म्हणजे सुकाणूजवळची बसायची जागा, सोडायचं तर दुसऱ्या माणसाला उठवायचं, झोपमोड झाली तर झाली. एकजण सुकाणूवर आणि एकजण नुसता पुढे गेलेल्याकडे बघायला. त्याने दुसरं काही करायचं नाही, मोबाइल तर नाहीच.

अज्ञानी_बालक

माझी समुद्राशी ओळख गिरगाव चौपाटीच्या भेळेपुरती. जॅकलाइन, टेदर म्हणजे नक्की काय? कोणी सोप्या मराठीत सांगेल का, धागा भारी चाललाय पण अर्धा डोक्यावरून जातोय.

मतलई

@अज्ञानी_बालक, कपडे वाळत घालायची दोरी आठव. ती हवेत न बांधता डेकवर आडवी, नाळेपासून कॉकपिटपर्यंत ताणून बांधली की झाली जॅकलाइन. तिच्यावर कपड्यांऐवजी आपण. छातीवर पट्ट्यांचा हार्नेस असतो, आजकाल लाइफजॅकेटमध्येच शिवलेला येतो, त्याला एक पट्टा लावायचा तो टेदर, आणि टेदरचं दुसरं टोक हुकने जॅकलाइनला. मग तू पुढे-मागे फिरलास की हुक दोरीवरून सरकत येतो, घराच्या अंगणात तारेला बांधलेल्या कुत्र्यासारखा. दिसतं तितकंच रुबाबदार असतं.

निवांत_नांगर

गोव्याहून. जॅकलाइनवर मी बोलणार कारण माझी तुटलीय.

पिवळा पॉलिएस्टरचा पट्टा होता, दिसायला ठणठणीत. जेट्टीला असताना मुलीला दाखवायला म्हणून टेदर अडकवला आणि जोरात मागे झोकलं, टोकाची शिवण दाण्यादाण्याने उसवत गेली आणि मी कॉकपिटात उताणा. पट्टा शाबूत, दोरा गेलेला. आपल्याकडचं ऊन त्या दोऱ्याला खातं. तेव्हापासून पट्ट्या प्रवासाला निघताना बांधायच्या, बंदरात आलं की सोडून आत ठेवायच्या, आणि शिवण नखाने खरवडून बघायची, पावडर निघाली तर कचऱ्यात. @एकपाय, तुमच्या पिशवीतल्या आधी हे करून बघा. ऑफशोअर नियमांत पट्ट्याची तुटायची ताकद किमान २०४० किलो मागतात, म्हणजे नवा असताना हं.

नायलॉनचा पट्टा नको, ओला झाला की रबरासारखा ताणतो. गोल दोर नको, तुमच्या शीटने जे केलं तेच जॅकलाइन करेल. मी आता डायनीमाची (खूप मजबूत कृत्रिम धागा) घेतलीय, चपट्या कव्हरमध्ये घालून. ताणतच नाही, मस्त.

मतलई

डायनीमा ताणत नाही हा गुण आहे तसाच दोषही आहे ना. ताणलेल्या सरळ दोरीला मधोमध आडवा हिसका बसला की टोकांवर मूळ हिसक्याच्या कित्येक पट ताण येतो, दोरी जितकी ताठ तितका जास्त. ती टोकं कशाला बांधलीत? डेकवरच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, असतील आणि क्लीट आतून नीट बोल्ट केलेला नसेल तर दोरी राहील, क्लीट उखडून येईल. पॉलिएस्टर थोडा ताणतो आणि हिसका खातो.

निवांत_नांगर

थोडा ताणतो म्हणजे किती ते सांगा की. दहा मीटरच्या बोटीवर पट्टा मधोमध हातभर बाजूला येतो, हातभर म्हणजे डेकच्या बाहेर. माझी टोकं आतून प्लेट लावून बोल्ट केलीत, झोपतो शांत.

मतलई

प्लेट लावली असेल तर माझा मुद्दा मागे. बाकी नव्वद टक्के बोटींवर लावलेली नसते.

काडीपेटी

हे सगळं बांधून घेणं म्हणजे फाजील लाड आहेत. आपले पूर्वज गलबतं घेऊन मस्कतला जात होते ते काय हार्नेस लावून? बांधलेला माणूस बोटीमागे फरफटत बुडतो त्यापेक्षा सुटा पडून पोहलेला बरा. फ्रेंच लोकांना विचारा, समुद्र त्यांना कळतो, ते असलं काही लावत नाहीत.

बंदरावरचा_बगळा

आली काडी. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

मतलई

फ्रेंचांचं नाव काढलंत म्हणून एरिक ताबार्ली यांचं सांगते. फ्रान्समध्ये शिडाच्या बोटीचं नाव काढलं की आजही पहिलं हेच नाव येतं. जून १९९८, वेल्सच्या किनाऱ्याबाहेर आयरिश समुद्रात, रात्री, स्वतःच्या जुन्या पेन ड्युइक बोटीवर शिडाचं काम चाललं होतं. वरच्या तिरक्या काठीचा, गॅफचा, फटका बसला आणि ते पाण्यात गेले. अंगावर ना हार्नेस ना लाइफजॅकेट. बरोबरच्यांना अंधारात सापडले नाहीत, काही आठवड्यांनी मच्छीमार बोटीला मृतदेह मिळाला. ६६ वर्षांचा माणूस, आयुष्य समुद्रावर गेलेलं, आणि बोट तर लहानपणापासूनची. समुद्र कळत नव्हता असं कोण म्हणेल?

पण फरफटत बुडण्याचं जे म्हणालात ते खोटं नाही, त्यावरच इथे चर्चा व्हायला हवी. २०११ च्या जूनमध्ये चॅनलमधल्या एका रेसला रात्री पुढचं शीड बदलताना स्किपर पडला. टेदर लावलेला होता. बोटीला लटकून कडेने ओढला गेला, लोकांनी वर काढेपर्यंत बुडालेला होता. दुसरी २०१७ च्या नोव्हेंबरमधली, क्लिपरची जगप्रदक्षिणेची शर्यत, दक्षिण महासागर. तिथेही पुढचं शीड उतरवताना माणूस पडला, टेदर होताच, पण त्याचा हुक डेकवरच्या एका क्लीटखाली अडकून आडवा झाला होता. हुक सरळ ओढीला टनांचं वजन पेलतो पण आडव्या ओढीत वाकला आणि उघडला.

म्हणून काढून टाकायचं का टेदर? ब्रिटनमध्ये दोन्हीची सरकारी चौकशी झाली, दोन्ही अहवाल कोणालाही वाचता येतात. मी त्यातून घेतलं ते एवढंच की टेदरचं काम माणसाला बोटीच्या बाजूला लटकवायचं नाही, डेकवरच ठेवायचं आहे. मग तो आखूड हवा. दोन फाट्यांचा टेदर मिळतो, एक फाटा एक मीटर आणि एक दोन मीटर. दोन मीटर लावून कडेला उभी राहिले तर मी पडणार पाण्यातच, फक्त बोटीला बांधलेली. एक मीटर लावून बोटीच्या मधल्या भागात राहिले तर तार ओलांडताच येत नाही. लांब फाटा फक्त एका जागेवरून दुसरीकडे हुक बदलताना. आणि छातीकडचं टोक ओढीखाली असतानाही सुटणारं हवं, गाठ मारलेलं नको. टेदर घेताना त्यावर आयएसओ १२४०१ छापलंय ना बघा.

काडीपेटी

मस्कतचं उत्तर मिळालं नाही अजून.

कोळीवाड्याचा

मस्कतला गेलेले किती परत आले नाहीत ते कुठे लिहून ठेवलंय काडीपेटी साहेब. आमच्या पाड्यात बायका नारळी पौर्णिमेला नारळ उगाच सोडत नाहीत.

खडकवासला_ऑप्टिमिस्ट

मी फक्त धरणात छोट्या बोटी चालवते, तिथे पाण्यात पडणं हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. पण मोठ्या बोटीवर क्रू म्हणून तीनदा गेलेय आणि मला दोन्ही वेळा दिलेलं हार्नेस मापाचं नव्हतं (तिसऱ्या वेळी दिलंच नाही). मी पाच फूट, ४८ किलो. हात वर केले की पूर्ण जॅकेट डोक्यावरून निघत होतं. मुलींनो, आणि बारीक मुलांनो, मांड्यांमधून जाणारा पट्टा मागून घ्या. तो नसला तर पाण्यात जॅकेट वर जातं आणि आपण खाली. लाजू नका, मी एकदा लाजले.

अजून एक, बूमबद्दल, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या आडव्या काठीबद्दल, कोणी काही बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. वारा मागून असताना तुमच्या त्या मित्राचं लक्ष कंपासवरून जरा हटलं असतं आणि शीड या बाजूचं त्या बाजूला फेकलं गेलं असतं तर बूम तुमच्या कपाळाच्या उंचीवर नव्हती का?

एकपाय_बोटीत

बरोबर कपाळाच्या उंचीवर. हे वाचून आता मांडी नाही, कपाळ दुखायला लागलं.

निवांत_नांगर

बूम अशी फेकली जाऊ नये म्हणून प्रिव्हेंटर लावा हो. बूमच्या टोकापासून दोर पुढे नाळेपर्यंत, तिथून ब्लॉकमधून फिरवून परत कॉकपिटला. एकदा कायमचा ओवून ठेवला की पुढे जावं लागत नाही. बूमच्या मध्यावर बांधू नका, फटक्यात बूम तिथेच मोडते.

अवांतर: दिलीप दोंदेंची म्हादेई ही शिडाची बोट आमच्या शेजारी दिवाडीलाच बांधली, तिच्यावरून २००९-१० मध्ये त्यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या बोटीजवळून फेरीने जाताना आम्ही हात जोडायचो. अवांतर समाप्त.

जहाजी

आपोआप फुगणारी लाइफजॅकेटं घेणार म्हणालात, तर आतली यंत्रणा विचारून घ्या. स्वस्तातल्यात एक गोळी असते, पाण्यात विरघळली की स्प्रिंग सुटते आणि गॅसची नळी फुटते. ती गोळी कोकणच्या पावसाळ्यात नुसत्या हवेने सादळते, लॉकरमधल्या लॉकरमध्ये जॅकेट फुगून बसतं, माझ्या मेहुण्याचं मध्यरात्री फुगलं, घरात स्फोट झाला म्हणून सगळे जागे. दुसरा प्रकार पाण्याच्या दाबावर चालतो, महाग आहे, पण शिंतोड्यांनी उडत नाही. आणि दर ट्रिपच्या आधी गॅसची नळी हाताने पिळून घट्ट आहे ना बघा, थरथराटाने सैल होते. सैल नळीचं जॅकेट म्हणजे गळ्यातला टाय.

बंदरावरचा_बगळा

एक शंका, हसाल पण विचारतो. रात्री लघवीला कुठे जातात?

कोळीवाड्याचा

हसायचं काही नाही त्यात. आमच्याकडे जे जातात ते बरेचदा असेच जातात. मागे कडेला उभा राहतो, एक हात नाड्याला, दुसरा हात... म्हणजे बोटीला हातच नाही. शिवाय झोपेतून उठलेला, कधी थोडी घेतलेली. आमचा बाप रात्री बादलीच वापरतो आणि दुसऱ्यालाही वापरायला लावतो, नाही ऐकलं तर शिव्या.

मतलई

+१००. ओकारीचंही तेच. बोट लागली की माणूस वाऱ्याखालच्या कडेला जाऊन ओणवा होतो आणि त्या वेळी त्याला जगण्यात तसाही फार रस नसतो. बादली. मी तर क्रूला बोटीवर पाऊल ठेवतानाच बादली दाखवते.

एकपाय_बोटीत

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. पावसाळ्यात बोट वर काढलेली आहे, त्यामुळे काम करायला वेळ आहे. काय काय केलं ते लिहितो.

पिशवीतल्या जॅकलाइन नखाने खरवडल्या. निवांत_नांगर, पावडर निघाली. दोन्ही टाकल्या. नव्या पट्ट्या आणल्या, पण आधी त्या साइडडेकवरून जायच्या त्या आता केबिनच्या छतावरून, ग्रॅबरेलच्या आतल्या बाजूने नेल्यात, म्हणजे कडेपासून लांब. मागची टोकं स्टर्नच्या (बोटीच्या मागच्या टोकाच्या) दोन मीटर अलीकडेच संपवली, पुढून पडून मागपर्यंत फरफटत आलो तरी बोटीच्या मागे लोंबकळायला नको म्हणून. नवे चार पॅडआय, म्हणजे हुक अडकवायच्या कड्या, बसवले, आतून प्लेट लावून, छताचं अस्तर काढताना तिसऱ्या मित्राने जे शब्द वापरले ते इथे उडवले जातील. एक पॅडआय कंपॅनियनवेच्या (केबिनमध्ये उतरायच्या जिन्याच्या) अगदी तोंडाशी, आतल्या पायरीवर उभं राहूनच हुक लावता येतो. पुढच्या पारदर्शक हॅचवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, ती ओली असताना बर्फ असते हे मला आताच कळलं.

पण मेन गोष्ट वेगळीच. ती दोरी मुळात का अडकली हे शोधायला फर्लरचा, म्हणजे जिब गुंडाळायच्या यंत्राचा, ड्रम उघडला. आम्ही जिब उघडताना शीट ओढतो आणि फर्लिंगची दोरी सोडून देतो, ती ड्रमवर सैल गुंडाळली जाते, मग गुंडाळताना वरचा वेढा खालच्यात रुततो. दोरीला हाताने जरासा ताण देत सोडली असती तर रात्री अडीच वाजता पुढे जायचं काही कारणच नव्हतं. दोन सेकंदांचा आळस. हे मी मित्रांना सांगितल्यावर दोघांनीही आपण नेहमी ताण देतो असं सांगितलं, म्हणजे बोटीवर चौथा कोणी असावा.

जहाजी

तो चौथा प्रत्येक जहाजावर असतो. आमच्याकडे तर त्याला प्रमोशन पण मिळतं.

एकपाय_बोटीत

धागा वर काढतोय. ऑक्टोबर सरता सरता बोट पाण्यात गेली, निघायच्या आधी मूरिंगवर एक प्रयोग केला, मतलईंचं आखूड-लांब प्रकरण मला नुसतं वाचून पटत नव्हतं.

दुसरा मित्र, ७८ किलो, हार्नेस घालून, समुद्र सपाट, बोट उभी, भर दुपार. आधी दोन मीटरचा फाटा जॅकलाइनला लावून तारेवरून मुद्दाम बाहेर पडला. छातीपर्यंत पाण्यात. डेकची कड हाताला लागते पण वर येता येईना, आम्ही दोघांनी वरून हार्नेस धरून ओढला, फक्त हसण्याचा आवाज आला आणि मग तोही बंद झाला. तीन-चार मिनिटांनी आम्ही तिघेही गप्प होतो. शेवटी रिकामं हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) त्याच्या हार्नेसला लावून विंचने उचलला, पोत्यासारखा. बोट उभी होती म्हणून. सहा नॉटनी चालत असती तर त्याच्या तोंडावर पाण्याची धार असती.

मग एक मीटरचा फाटा लावून परत कर म्हटलं. त्याने तीनदा प्रयत्न केला, तारेला मांडी लागते आणि तिथेच अडकतो, पुढे जाताच येत नाही. चिडला.

त्यानंतर गोव्याला जाऊन आलो. लांब फाटा वापरलाच नाही म्हटलं तरी चालेल. रात्री कॉकपिट सोडायच्या आधी मोठ्याने "पुढे चाललो" म्हणायचं, आणि मागच्याने "बघतोय" म्हणायचं, पहिल्या रात्री लाज वाटली, दुसऱ्या रात्री सवय झाली. मालवणच्या बाहेर पहाटे जाळ्याचा दोर सुकाणूत अडकला आणि मी सवयीने मागच्या रेलिंगवरून ओणवा व्हायला लागलो, एक मीटरच्या फाट्याने छातीतून मागे खेचलं, तेव्हा कळलं की हुक लावलेला आहे. पोटावर आडवं पडून, बोटहुकने काढला दोर, वीस मिनिटं लागली. जाळं कापलं नाही @कोळीवाड्याचा, मुद्दाम सांगतोय.

बायकोला मांडीचं खरं कारण सांगितलं. धागा वाचतेय ती सध्या. नमस्कार.

कोळीवाड्याचा

जाळं कापलं नाही त्याबद्दल बापाकडून तुम्हाला जेवण. आणि बादली?

एकपाय_बोटीत

घेतली. लाल, पाच लिटरची, कडीला दोरी बांधून. सकाळी ती कोणी धुवायची यावर तिघांत वाद चालू आहे, सध्या तो चौथा धुतो.